गॅबॉनहून काकांना पत्र

लिब्रव्हिल, डिसेंबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

आपल्या वेळासला कासवं बघायला पाहुणे येतात आणि गावातल्या घरांत उतरतात. गॅबॉनला एवढी कासवं येतात तर तिकडे तसे पाहुणे का येत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आफ्रिकेतला हा देश महाराष्ट्रापेक्षा थोडासाच लहान, पण माणसं पुणे शहराहूनही कमी. बाकी सगळं रान. 2002 साली सरकारने एका दमात 13 राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, देशाची जवळजवळ 11 टक्के जमीन. त्यातल्या लोआंगोला तर हत्ती समुद्राच्या वाळूत फिरतात. पण पोचायचं कसं? लोपेच्या उद्यानाला रेल्वे जाते, पण त्याच रुळांवर मँगनीजच्या मालगाड्या. प्रवाशांची गाडी पोचते रात्री-अपरात्री. खाण्याचं बरंचसं सामान परदेशातून येतं, त्यामुळे राहणं-जेवण महाग. गोरिलांना माणसाची सवय लावायला वर्षं लागतात आणि आपला आजार त्यांना लागू नये म्हणून माणसं मोजकीच न्यायची. तिथे गर्दी नाही हे मला योग्यच वाटतं.

कासवांचं पाँगारा उद्यान मात्र शहरासमोरच, खाडी ओलांडली की आलं. तिथे रात्री लेदरबॅक जातीची कासवीण पाहिली. आपल्या ऑलिव्ह रिडलेच्या कितीतरी पट मोठी, पाठीवर कवचाऐवजी चामडं. श्वास टाकते तो लांबून ऐकू येतो. ती वर चढत होती आणि वाटेत आडवा पडला होता ओकूमे या इथल्या झाडाचा भलाथोरला ओंडका. बंदराकडे नेताना तराफ्यातून सुटलेले असे ओंडके इथल्या किनाऱ्यांवर पडून आहेत. कासवं त्यांत अडकून मरतातसुद्धा. ही तासभर धडपडून अंडी न घालताच परत फिरली. मी प्लायवूडच्या कारखान्यात याच लाकडावर पोट भरतो काका, मला ते बघवेना.

पण खरी अडचण मला वेगळीच वाटते. जंगलाकाठच्या बाईचा कसावा (इथला रोजच्या खाण्यातला कंद) आणि केळी हत्ती एका रात्रीत साफ करतो. हत्तीला हात लावायचा नाही, हा कायदा. दोडामार्गच्या बागायतदाराला हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही. पाहुणा येतो तो लॉजवर उतरतो, पैसे लॉजवर देतो. त्या बाईच्या चुलीपर्यंत काय पोचतं? ते पोचत नाही तोवर हत्ती तिला शत्रूच वाटणार, आणि त्यात तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

म्हणून एक काम सांगतो. पाहुणे घरोघरी पाळीने कसे वाटता, जेवणाचा दर कसा ठरवता, गावाच्या खात्यात किती ठेवता आणि भांडण झालं तर कोण मिटवतं, हे सगळं काकूंना विचारून सविस्तर लिहून पाठवा. पाँगाराच्या बाजूच्या एका गावातल्या मुलांशी ओळख झालीय, त्यांना हे हवंय. फ्रेंचमध्ये मी करून देईन. हंगाम एप्रिलपर्यंत आहे, तेव्हा जरा लवकर पाठवा.

काकूंना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुमचा,
सुहास