लग्नाला मुहूर्त नाही त्या तारखा आपल्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की पेपरात वर्षभराच्या लग्नमुहूर्तांची यादी येते आणि आमच्या धंद्यातले सगळे तिचा फोटो काढून एकमेकांना पाठवतात, मीही पाठवते. मी पुण्यात लग्नं शूट करते आणि मधल्या दिवसांत ज्वेलरी, मिठाई, हॉटेलांची मेन्यूकार्डं असं जे मिळेल ते प्रॉडक्टचं काम. आमच्यातले बहुतेकजण या धंद्यात आले ते टेकडीवर, घाटात, वारीत फोटो काढता काढता, आणि धंदा नीट सुरू झाला की नेमकं तेच बंद पडतं. का रे जात नाहीस आता, विचारलं की उत्तर ठरलेलं, सीझन संपू दे मग जाऊ. सीझन संपतो तेव्हा अल्बम राहिलेले असतात, अल्बम डिलिव्हर होतात तोवर गणपती-नवरात्राच्या जाहिरातींची शूट्स येतात, मग दिवाळी, मग परत ही यादी.

माझं म्हणणं एवढंच आहे की या यादीत ज्या तारखा नाहीत त्या आधी बघा, आणि पहिला अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधी डायरीत त्यातल्या काही स्वतःच्या नावाने ब्लॉक करा, जशी क्लायंटची डेट लॉक करतो अगदी तशीच.

कारण पंचांगाने आपल्याला हे दिवस आधीच काढून दिलेत हो. पौषात आजही बरीच घरं लग्न टाळतात, आणि पौष म्हणजे डिसेंबरचा शेवट ते जानेवारी, म्हणजे भिगवणच्या पक्ष्यांचे ऐन दिवस. उजनीचं पाणी पावसाळ्यात भरलेलं असतं, ते हळूहळू उतरतं तसे उथळ काठ उघडे पडतात आणि फ्लेमिंगो तिथे येऊन चरतात, पट्टकादंब तर थेट हिमालय ओलांडून आलेले असतात. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, पहाटे चारला निघालं की उजाडायच्या आत कुंभारगावच्या होडीत बसता येतं. एक कळकळीची विनंती, होडीवाल्याला पक्षी उडवायला सांगू नका. उडणाऱ्या थव्याच्या एका फोटोसाठी सकाळभर त्यांचं खाणं मोडतं, आणि गप्प बसून राहिलं तर ते आपणहून उडतातच, फक्त वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ देता यावा म्हणूनच तर ही ट्रिप.

दुसरी तारीख म्हणजे अमावस्या. अमावस्येला कोणी लग्न धरत नाही आणि आकाश सगळ्यात काळं त्याच रात्री असतं. एप्रिल-मेमध्ये, ढग यायच्या आधी, मध्यरात्रीनंतर आकाशगंगेचा दाट भाग चांगला वर येतो, वेल्ह्याच्या पुढे गेलं की पुण्याचा उजेड बराच मागे पडतो, ट्रायपॉड, वाइड लेन्स, वीसेक सेकंदांचं एक्स्पोजर, बास. आता चैत्राची अमावस्या अक्षय्य तृतीयेच्या अगदी तोंडावर येते आणि तेव्हा आपल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो हे मला माहितीये, म्हणून तर ती आधीच लिहून ठेवायची, रात्री जायचं आणि सकाळी परत. बायकांना हे एकटीने जमण्यासारखं नाही, मी मैत्रिणींबरोबर जाते आणि गावात ज्यांच्याकडे उतरतो त्यांना आधी फोन करून ठेवते.

आणि पितृपक्ष. कोणी शुभकार्य काढत नाही, खरेदीही थंड असते, म्हणजे प्रॉडक्टची कामंपण मंदावतात, आणि नेमका तेव्हा, बहुतेक सप्टेंबरात, साताऱ्याजवळचं कासचं पठार फुलांनी भरात असतं. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं. शनिवार-रविवारी तिथे माणसंच माणसं, पण आपली कामं शनिवार-रविवारची, त्यामुळे मंगळवार-बुधवार आपल्यालाच मोकळा असतो, ऑफिसवाल्यांना नसतो, हा फायदा आपल्यापैकी फार थोडे घेतात. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तो हंगाम हुकला की पुढच्या वेळी आपले गुडघे त्या कातळावर टेकतील का हाही विचार करा.

यावर मला जवळचे लोक दोन गोष्टी ऐकवतात. एक म्हणजे पैसे. लेन्सचे हप्ते चालू आहेत, एक दिवस सोडला तर तेवढं बुडतं. बरोबर आहे, म्हणूनच मुहूर्ताचा दिवस सोडा असं मी कधीच म्हणत नाही, ज्या दिवशी तसंही काम येणार नाही तो दिवस एडिटिंगखाली गाडू नका एवढंच म्हणते. एडिटिंग उद्या होतं, पौष पुढच्या वर्षीच येतो.

दुसरं म्हणजे, काय उपयोग त्याचा? अशा ट्रिपने नजर ताजी होते, मग लग्नं चांगली शूट होतात, असं बरेचजण समजावून सांगतात. होत असेल. पण मी त्या कारणाने जात नाही आणि तुम्हीही त्या कारणाने जाऊ नका असं मला मनापासून वाटतं. लग्नात आम्ही जे काढतो ते आधीच ठरलेलं असतं, क्लायंट रेफरन्स पाठवतो, एंट्री अशी हवी, धूर हवा, हळदीत हसतानाचा हवा, आणि ते द्यायलाच हवं, त्याचेच पैसे घेतो आम्ही, ते काम मला हलकं वाटत नाही. पण वर्षातून काही वेळा तरी कॅमेरा कुणाच्याही सांगण्याशिवाय डोळ्याला लागला पाहिजे. काय काढायचं हे ठरवणंच जर आपण बाकीच्यांवर सोपवलं तर आपल्याला स्वतःला काय बघायला आवडतं हे कळणारच नाही कधी. मला ते महत्त्वाचं वाटतं, धंद्याच्या हिशोबाबाहेर महत्त्वाचं.

लांब जाणं जमत नसेल, घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, तर लांब जाऊच नका. न्यूयॉर्कमध्ये सॉल लायटर म्हणून फोटोग्राफर होते, हार्पर्स बझारसारख्या मासिकांसाठी फॅशनचं काम करून पोट भरायचे आणि स्वतःचे फोटो घराजवळच्या रस्त्यांवर काढायचे, छत्र्या, बर्फ, वाफ धरलेल्या काचा. ते रंगीत फोटो १९४८ पासूनचे, पण त्यांचं पुस्तक २००६ साली आलं, तेव्हा त्यांचं वय ८२. पुस्तक येईल म्हणून काढलेले फोटो नव्हते ते. आपल्याकडे वेताळ टेकडी आहे, पहाटेची मंडई आहे, मार्केट यार्डातला फुलबाजार आहे, सकाळी दोन तास मिळाले तरी चालतं, फक्त ते दोन तासही डायरीत लिहिलेले पाहिजेत, नाहीतर कोणीतरी ते मागतंच.

मागतात कोण, तर बहुतेकदा चांगलीच माणसं. त्या दिवशी काम नाहीये ना, मग आमच्या छोटूचं बारसं घ्या की. घरचे म्हणतात सुट्टी आहे तर जरा थांब घरी. वाचकांपैकी ज्यांनी फोटोग्राफर बुक केलाय त्यांना सांगावंसं वाटतं की डेट ब्लॉक आहे असं त्याने सांगितलं तर कोणाचं फंक्शन आहे ते विचारू नका, दुसरी तारीख बघा.

आणि संपादक साहेब, एक मागणं तुमच्याकडेही आहे. पितृपक्षात पेपरलाही जाहिराती कमीच असतात, तेव्हाचं अर्धं पान पुण्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या धंदेवाईक फोटोग्राफरांनी स्वतःसाठी काढलेल्या फोटोंना द्या, मानधनासकट, कारण वाचकांचे फोटो म्हणून फुकट बऱ्याच ठिकाणी छापले जातात. खाली फक्त नाव आणि महिना टाका. फुलांचा किंवा घरट्याचा फोटो असेल तर नेमकी जागा छापू नका, पुढच्या रविवारी लोक तिथे तुडवत पोचतात.

आपली,
एक वाचक आणि लग्नांची फोटोग्राफर
कर्वेनगर, पुणे