‘जरा पुढे वाका’ म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वॉर्डातून इतके पेशंट येतात-जातात की आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही, कोण जाणे. ओळख सांगते. न्यूमोकॉकस नावाच्या जंतूमुळे होणारा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज, ज्याला दुसऱ्यांदा झाला होता, त्या पेशंटची मी धाकटी बहीण. दादाला डिस्चार्ज मिळाला तेव्हा तुमची ड्यूटी दुसरीकडे लागली होती आणि आभार मानायचे राहून गेले. पत्र मुद्दाम उघड लिहितेय, कारण तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते चार घरांत पोचायला हवं.

पहिल्या खेपेला सगळं रीतसर झालं होतं. ताप, डोकं फुटेल अशी वेदना, मान ताठ, उजेड सोसवेना. पाठीतलं पाणी तपासलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, दादा बरा होऊन घरी आला. उपचारांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. फक्त धडधाकट माणसाला हे झालं कशानं, हा विषय निघाला नाही. इन्फेक्शन होतं, गेलं, असं आम्हीही धरून चाललो.

दुसऱ्या खेपेला औषधं तीच होती. वेगळं एवढंच झालं की दादा जरा उठून बसायला लागल्यावर राउंड संपवून तुम्ही परत आलात, स्टूल ओढलंत आणि चौकशा सुरू केल्यात. मधुमेह? दारू? स्टेरॉइडच्या गोळ्या? कानातून पू येतो का? सायनसचा जुना त्रास? प्लीहा काढलीय का? सगळ्याला ‘नाही’ येत गेलं. मग तुम्ही विचारलंत, “डोक्याला कधी मार लागला होता?” वहिनी म्हणाली, लग्नाआधी गाडीवरून पडले होते, पण त्याला जमाना झाला. तुमचा पुढचा प्रश्न तयारच होता: नाकातून पाणी गळतं का, आणि एकाच बाजूनं का? दादा हसला. म्हणाला, ती आपली नेहमीची सर्दी.

तुम्ही त्याला कॉटच्या कडेला बसवलंत, जरा पुढे वाका म्हणालात, आणि नाकाखाली एक छोटी बाटली धरलीत. थोडा वेळ काहीच नाही. मग उजव्या नाकपुडीतून एक थेंब आला, मागोमाग दुसरा. नितळ, अजिबात चिकट नाही. “घशात खारट लागतं का कधी?” तुम्ही विचारलंत, आणि या वेळी दादा हसला नाही.

बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन साध्या सर्दीच्या पाण्यात नसतं, मेंदूभोवतीच्या पाण्यात असतं, हे आम्हाला त्या रिपोर्टमुळे कळलं. सीटी स्कॅनमध्ये नाकाच्या वरच्या बाजूला, कवटीच्या तळाशी, बारीकशी चीर दिसली. न्यूमोकॉकस कितीतरी निरोगी लोकांच्या नाकाघशात निमूट राहतो. दादाच्या बाबतीत त्याला थेट मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळाली होती. तुम्ही म्हणालात, छप्पर गळत असताना नुसती फरशी पुसून किती दिवस भागणार? मग नाकातूनच, दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, मांडीतल्या पडद्याचं ठिगळ लावून चीर बुजवली. त्यानंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. हे शेवटचं दादाला सगळ्यात जड गेलं, आणि पोरांची मात्र करमणूक झाली.

पण माझ्या लेखी तुमचे खरे उपकार पुढचे आहेत. नातेवाइकांमध्ये घबराट होती, आपल्यालाही लागण होईल का म्हणून. तुम्ही शांतपणे सांगितलंत की या जंतूसाठी घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या सहसा लागत नाहीत. मेनिंगोकॉकस हा याच आजाराचा दुसरा जंतू असता तर एका घरात राहणाऱ्यांना, अगदी निकटच्या लोकांना त्या लगेच द्याव्या लागल्या असत्या. साधारण दहातल्या एकाच्या घशात तो जंतू काही त्रास न देता असतो. खोकला, चुंबन, दाटीवाटीचा सहवास यांतून पसरतो. म्हणून वसतिगृहात नव्यानं राहायला गेलेली मुलं आणि बराकीतले जवान यांना धोका जास्त. सिगारेटच्या धुरानंही हा धोका वाढतो, ओढणाऱ्याचा आणि शेजारी बसणाऱ्याचाही. (हे ऐकताना काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.)

प्लीहेचं तर मला नवलच वाटलं. या जंतूंवर साखरेच्या रेणूंचं कवच असतं आणि असे कवचवाले जंतू रक्तातून गाळून काढण्यात प्लीहेचा मोठा वाटा. अपघातात किंवा एखाद्या आजारात ती काढावी लागली, तर माणूस वरून ठणठणीत दिसतो, पण या एका बाबतीत उघडा पडतो. दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीरही त्या कवचाला नीट ओळखत नाही. म्हणून त्यांच्या लशीत ती साखर एका प्रथिनाला जोडून देतात. नवजात बाळांचे जंतू वेगळेच, बरेचदा जन्माच्या वेळी आईकडूनच आलेले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना धोका अधिक. गरोदर बाईनं न तापवलेलं दूध टाळायचं ते लिस्टेरिया नावाच्या जंतूसाठी. वय साठीच्या पुढे गेलं, एचआयव्ही असला, कॅन्सरचे उपचार चालू असले, ऐकू येण्यासाठी कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेलं असलं किंवा मेंदूतलं पाणी वळवायला नळी (शंट) घातलेली असली, तरी डॉक्टरांना आपणहून सांगायचं. घरात कुणाला क्षयरोग असेल तर लहान मुलांना आधी तपासून घ्यायचं, कारण क्षयाचा जंतूही मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो आणि तो दबक्या पावलानं, आठवडे घेत येतो.

वहिनीनं तेव्हा विचारलं होतं, यातलं काहीच नसलं तर होत नाही का? तुम्ही स्पष्ट सांगितलंत: होतो, निरोगी माणसालाही होतो. त्यामुळे ताप, मान ताठ आणि बोलण्यात गोंधळ दिसला तर धोक्याची यादी तपासत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा. कारणाचा शोध जीव वाचल्यावर.

आता थोडी खबरबात. दादाच्या न्यूमोकॉकसच्या लशी झाल्या आणि नाक कोरडं आहे. आमच्या मावशीची प्लीहा फार पूर्वी काढलेली. तुमचं बोलणं मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा कळलं की लशीचं तिला कुणी कधी बोललंच नव्हतं. तिनं तिच्या डॉक्टरांना विचारून त्या घेतल्या. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, हेही तिला बजावलंय. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही, पण या पत्रात माझेही आभार घाल, असं तिनं दोनदा फोन करून सांगितलं.

तिचे, वहिनीचे आणि आम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आपली,
कॉटशेजारी उभी असलेली बहीण