पट्टीवरची तारीख

लोकमान्य नगर, इंदूर
रविवार रात्र

प्रिय विन्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. समोर पाहुणे होते. नंतर करू म्हटलं, आणि त्या 'नंतर'चा आता फेब्रुवारी झाला. शिव्या द्यायच्या असतील तर थांब जरा, पत्र संपेपर्यंत त्या कुणाला द्यायच्या ते बदलेल.

तब्येती: आईची साखर आटोक्यात. अण्णांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. माझी कंबर जशी होती तशी. संपलं.

तर गाडी. हो, तीच, ९८ सालची. 'अजून विकली नाहीस?' हे ऐकवायला घरात पुरेशी माणसं आहेत, तू नको.

जानेवारीत एका सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक-टक-टक. बॅटरीच्या दुकानात नेली. तिथल्या पोराने न बघताच सांगितलं, "भिया, बॅटरी गई." आपल्याकडे पहिला आळ नेहमी बॅटरीवर. (दुसरा तुझ्यावर. त्याकडे येतोच.) नवी ३५ अँपिअरची घेतली, पैसे मोजले, आणि पाचव्या दिवशी पुन्हा टक-टक. रात्री पलासियाहून येताना दिवे असे पिवळे पडले होते की समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला माझीच दया आली असेल.

मग मात्र मीटर काढला. बॅटरी चार्जरवर भरून घेतली, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट. ठीक. चालू केल्यावर १४ च्या आसपास जायला हवं, तर १२.९. दिवे लावले, १२.३. म्हणजे बॅटरी भरणारा आल्टरनेटर कमावतोय कमी आणि घर चाललंय बचतीवर. आधी पट्टा पाहिला. तो धड होता. तसाही तोच वॉटर पंप फिरवतो, तुटला असता तर गाडी तापून बसली असती.

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "गाडी चालू ठेव आणि बॅटरीची तार काढून बघ. बंद पडली तर डायनामो गेला." विन्या, मला एकदम तूच दिसलास! होस्टेलसमोर त्या जिप्सीवाल्याला हाच सल्ला दिला होतास, आणि आपण दोन दिवस बोललो नव्हतो. आजही सांगतो, चूक तुझीच होती. चालत्या गाडीची बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं, ते अंगावर घ्यायला कुणी उरत नाही आणि डायोड, व्होल्टेज आवरणारा कटआऊट, जे धड असेल तेही जातं. काकांना मी 'हो हो' म्हटलं आणि ते आत जाईपर्यंत पान्याला तेल लावत बसलो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी पहाटे. रात्री अकराला लावलेली गाडी, सहाला बोनेट उघडलं. गारठ्याने सगळं लोखंड बर्फ झालेलं. सहज आल्टरनेटरवर हात ठेवला, तर तो कोमट. बंद गाडीत रात्रभर कोण तापतं? तापतो तो डायोड गेलेला आल्टरनेटर. डायोडचं काम करंट एकाच दिशेने सोडायचं. तो फुटला की बॅटरी उलटी त्याच्यातच गळते. मीटर एसी व्होल्टवर लावून पाहिला, चालू गाडीत ०.९ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं होतं. मग निगेटिव्ह तार सोडवली आणि मीटर मध्ये घातला: गाडी बंद, १.८ अँपिअर चाललेत. आठ तासांत चौदा-साडेचौदा अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. दोन रात्रींत खेळ खलास.

आता खात्री करायची तर आल्टरनेटरच्या मागची जाड तार काढून पुन्हा मोजायचं. निगेटिव्ह पुन्हा सुटा केला (ती जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते, पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडते), रबराची टोपी मागे सारली, नट सैल केला. आणि तिथेच बसून राहिलो.

त्या तारेला जोड होता. शेवटचं वीतभर जळून गेलेलं, तिथे नवी तार. टोकाला नवं लग, रसरशीत झाळलेलं. त्यावर कापडी काळी टेप, डावीकडून उजवीकडे गुंडाळलेली. डावखुरा माणूस गुंडाळतो तशी. आणि टेपखाली ती अल्युमिनियमची बारीक पट्टी, खिळ्याने कोरलेली. तुला सांगायला नको. आमच्या मिक्सरला आहे, कूलरच्या मोटरला आहे, देवघरातल्या दिव्याच्या वायरलासुद्धा आहे. अण्णांची वीज मंडळातली बत्तीस वर्षं अंगातून जात नाहीत. दुरुस्ती केली की तारीख.

पट्टीवर लिहिलंय: ५.११.०९.

तू मोज. ओंकारेश्वराहून आपण आलो ३ ला, मंगळवारी. सिमरोलला टपरीपाशी चहाला थांबलो, तेव्हा तिथे आयआयटी-बियायटी काही नव्हतं, आणि गाडी पुन्हा सुरू झालीच नाही. रात्रभर तिथे, त्या ट्रकच्या आडोशाला. धक्के मारून मारून तुझी चप्पल तुटली. अण्णा म्हणाले, "याने दिवे चालू ठेवले." तू म्हणालास, "काका, मी बंद केले होते." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. ४ ची तुझी पुण्याची गाडी चुकली, त्या ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर बसून तू ५ ला दुपारी मुलाखतीला पोचलास, आणि नंतर जे झालं ते झालं. तू तिकडे चिखलाच्या पँटीत त्या लोकांसमोर बसला होतास त्या दिवशी अण्णा इकडे अंगणात तार झाळत होते!

म्हणजे त्यांना कळलं होतं. दोन दिवसांत कळलं होतं. तार सैल होऊन जळली होती, चार्जिंग होतच नव्हतं, बडवाहपासून गाडी फक्त बॅटरीवर चालली. भेरूघाट चढताना 'दिवे मंद वाटतात' म्हणणाराही तूच होतास.

आणि आपण दोघे! होळकर सायन्समध्ये तीन वर्षं फिजिक्स केलं. ५५ वॉटचे दोन दिवे, ११० वॉट, भागिले १२, नऊ अँपिअर. चहाला किती वेळ लागला? अर्धा तास धर, तू दोन कप घेतलेस. साडेचार अँपिअर-अवर. भरलेली बॅटरी एवढ्याने मरते? तू दिवे चालू ठेवले असतेस तरी गाडी लागायला हवी होती. हे गणित तिथे टपरीवर बिलाच्या कागदावर झालं असतं. मी केलं नाही. मला करायचं नव्हतं, कारण वडील रागावले होते आणि मला घरी जायचं होतं.

त्यानंतर तू आमच्या जिन्यावर चढला नाहीस. गल्लीतून हॉर्न वाजवायचास. आई अजून विचारते, विनय वर का येत नाही.

आठ दिवस हेच डोक्यात. विचारू का अण्णांना? विचारलं आणि 'आठवत नाही' म्हणाले, तर ते खरं की खोटं हे मला कळायचं नाही. परवा आत्याचं नाव विसरले, पण १९८७ सालचा ट्रान्सफॉर्मर कुठल्या खांबावर होता ते सांगतात. विचारलं आणि 'हो' म्हणाले तर? एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला अंगणात उभं करून काय मिळवायचं? आणि नाही विचारलं, तर मी पुन्हा तेच केलं जे सिमरोलला केलं. बायको म्हणते, तू आधी विनयला लिही. म्हणून हे.

आल्टरनेटर आज बसवला. छोट्या ग्वालटोलीतून रिकंडिशन केलेला आणला, जुना देऊन. पुली आणि कान शेजारी धरून मापून घेतले. खालचा लांब बोल्ट गंजून अडकलेला, त्याने दोन तास आणि माझ्या बोटाचं साल घेतलं. अण्णा टॉर्च धरून उभे. पट्टा ताणताना मी जोर लावला तर म्हणाले, "एवढा नको, बेरिंग खाईल. मध्ये अंगठ्याने दाबून बघ, सात-आठ मिलिमीटर दबला पाहिजे." बरोबर होतं. यांचं सगळं बरोबर असतं, तोच तर त्रास आहे.

जोड मी तसाच ठेवला, फक्त पट्टी सोडवून घेतली आणि वर टेप मारली. त्यांच्या टॉर्चच्या उजेडातच. हात थांबला नाही, टॉर्च हलली नाही. गाडी चालू केली, दिवे लावले, पंखा लावला: आल्टरनेटरपाशी १४.३, बॅटरीवर १४.२. इतक्या वर्षांनी तो जोड पाव व्होल्टसुद्धा खात नाही.

मी म्हटलं, "अण्णा, हा जोड कुणी केला हो?"

ते बराच वेळ बोनेटमध्ये बघत होते. मग म्हणाले, "चांगला केलाय." आणि पायरीपर्यंत जाऊन वळले. "विनय येणारे का रंगपंचमीला? आला तर सांग त्याला, उतरताना दिवे बंद करत जा."

मी हसलो की चिडलो मलाच माहीत नाही. तू असतास तर कळलं असतं. सांग मला, विसरलेत की नाहीत? तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. तू त्यांच्यावर चिडू शकलास, मी कधीच नाही.

तुझं काय? शुभदाची बदली झाली का? पोरगा यंदा दहावीला ना, की तेही झालं? घराचे हप्ते, गुडघा, सगळं कळव.

रंगपंचमीची मिरवणूक, आपली गेर, बघायला ये. राजवाड्यापर्यंत चालत जाऊ, गाडी नको. पण निघण्याआधी एकदा वर ये. हॉर्न वाजवलास तर मी खाली येणार नाही, सांगून ठेवतो.

त्या रात्री मी म्हणालो होतो, 'विन्याला सवयच आहे.' तुला ती सवय नव्हती. मी खोटं बोललो.

तुझा,
मुकुंदा

ता.क. पट्टी सोबत पाठवतोय. तिच्यावर हक्क तुझा. नव्या पट्टीसाठी अण्णांनी पत्रा कापून दिला, पण हात थरथरतो म्हणून तारीख मला कोरायला लावली. पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याची पुडी वेगळी पाठवतो, नाहीतर पत्राला वास लागेल.