नवा मुद्दा मांडायचा तर पहिल्याच अपिलात

महोदय,

खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले जमिनीचे दावे दुसऱ्या अपिलात कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे गेले की 'हा मुद्दा खाली राहिला, आता इथे मांडा' असे पक्षकार वकिलाला सांगतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकतात. दुरुस्तीची खरी जागा पहिले अपील.

अपिलाच्या मेमोत, म्हणजे आक्षेपाचे मुद्दे लिहून दाखल केलेल्या अपील अर्जात, न घेतलेला मुद्दा न्यायालयाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही (त्याच संहितेचा आदेश ४१, नियम २). त्यासाठी लेखी अर्ज द्यावा. त्यात मुद्दा नेमक्या शब्दांत लिहावा, तो आधी का सुटला ते सांगावे आणि कोणत्या एक्झिबिटवरून (पुराव्यात दाखल कागदावरून) किंवा साक्षीतल्या कोणत्या उत्तरावरून तो निघतो तेही दाखवावे. प्रत समोरच्या वकिलाला आधीच पोचवावी, कारण त्याला उत्तराची पुरेशी संधी दिल्याशिवाय त्या मुद्द्यावर निकाल देता येत नाही. ऐन युक्तिवादाच्या दिवशी अर्ज पुढे केला तर हाती पडते ती पुढची तारीख.

दाखल कागदांवरूनच ठरणारा निव्वळ कायद्याचा मुद्दा सहसा घेतला जातो. दावा मुदतबाह्य असेल तर कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) तो बचाव नसला तरी न्यायालयाला ते पाहावेच लागते. वाटणीच्या दाव्यात मुलींच्या हिश्श्याचेही तसेच : हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती लागू व्हायला त्या वर्षी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा हुकूमनाम्याने झालेली वाटणी त्यामुळे उघडत नाही. याउलट प्रतिकूल कब्जा (मालकाविरुद्ध वर्षानुवर्षे उघड कब्जा ठेवून मालकी सांगणे) अपिलात पहिल्यांदा काढून चालत नाही. कब्जा कधीपासून, कोणाविरुद्ध, हे कैफियतीतच हवे.

सर्वांत मोठी गल्लत जुन्या कागदांची. ट्रंकेत मोडीतले वाटणीपत्र सापडले की ते 'नवा मुद्दा' म्हणून मेमोला जोडतात. तो नवा पुरावा आहे. त्याला आदेश ४१ च्या नियम २७ चा वेगळा अर्ज लागतो. योग्य ती काळजी घेऊनही तो आधी हाती आला नाही हे पटवावे लागते, आणि ट्रंक स्वतःच्याच घरातली असेल तर ते जड जाते. सोबत मोडीचे लिप्यंतर आणि भाषांतर हवेच. त्या वाटणीचा कैफियतीत उल्लेखच नसेल तर नुसत्या कागदाचा उपयोग नाही, आदेश ६ नियम १७ खाली कैफियतीची दुरुस्तीही मागावी लागते. नियम २७ च्या अर्जाचा विचार अपिलाच्या अंतिम सुनावणीच्या वेळीच व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे. तेव्हा युक्तिवादात त्याची आठवण द्यावी, नाहीतर तो फायलीतच पडून राहतो.

आपल्याकडे मुद्दे सुटण्याचे एक कारण अगदी साधे आहे. निकालपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि पक्षकाराला वाचता येते मराठी. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. त्या ३० दिवसांतली एक दुपार वकिलाकडे बसून निकालपत्र ओळीनओळ मराठीत समजून घ्यावे, मग मेमोवर सही करावी.

— एक दिवाणी वकील, बेळगाव