कलेचं पान फक्त कॅनव्हासपुरतंच का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचं कलेचं पान मी न चुकता वाचतो, प्रदर्शनं, लिलाव, कुठलं पेंटिंग केवढ्याला गेलं वगैरे, आणि वाचून झालं की दरवेळी वाटतं की ज्या चित्रांकडे आपण दिवसभर बघत असतो त्यांच्याबद्दल इथे कधीच काही कसं नसतं? मोबाइलवरचा आयकॉन, स्टेशनातला नकाशा, डब्यावरचं लेबल, खुर्चीची पाठ, हे सगळं कुणीतरी आधी कागदावर काढलेलंच असतं ना.

सुझन केअर यांचंच बघा. ललित कलेत डॉक्टरेट केलेली ही बाई, अ‍ॅपल कंपनीच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचे आयकॉन तिने चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढले. ३२ बाय ३२ चौकोन, म्हणजे एकूण १०२४, आणि प्रत्येक चौकोन एकतर काळा नाहीतर पांढरा, मधला राखाडी नाही, अर्धा नाही. एवढ्यात कचऱ्याची टोपली कचऱ्याची टोपलीच वाटली पाहिजे, बादली वाटून चालणार नाही! चित्रकाराला जे लागतं, काय ठेवायचं आणि काय सोडायचं, तेच हे काम आहे, फक्त जागा नखाएवढी.

हॅरी बेक तर इंजिनिअरिंगची ड्रॉइंग्ज काढणारा ड्राफ्ट्समन. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा त्याने १९३१ साली फावल्या वेळात काढला, सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात, आणि स्टेशनांमधलं खरं अंतर सरळ सोडून दिलं, कारण जमिनीखालच्या माणसाला वर कुठला रस्ता कुठे वळतो याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त गाडी कुठे बदलायची आणि किती स्टेशनं राहिली एवढंच हवं असतं. आधी तो नकाशा नाकारला गेला. १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी लगेच उचलला, आज जगभरातल्या मेट्रोचे नकाशे त्याच पद्धतीने काढतात. मला हे कुठल्याही मोठ्या चित्राइतकंच धाडसाचं वाटतं, खरंच.

आता कुणी म्हणेल की पेंटिंगला कुणाच्या उपयोगी पडायची गरज नसते म्हणून ते वरचं. फरक आहे हे मलाही मान्य आहे, चित्र बघणाऱ्याला अस्वस्थ करून सोडू शकतं, खुर्चीला तसं करून चालत नाही. पण म्हणून एक वरचं आणि एक खालचं हे कुठून आलं? जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत कँडिन्स्की आणि क्ली हे चित्रकार शिकवायचे आणि त्याच शाळेच्या मेटल वर्कशॉपमध्ये मारियान ब्रांट चहाची किटली घडवत होती. अल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराने नाटकांची पोस्टर्स केली, बिस्किटांच्या डब्यांची चित्रं केली आणि पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या नोटा आणि पोस्टाची तिकिटंही. हात एकच होता.

माझं म्हणणं असं की पेंटिंग आणि वस्तू दोन्हीच्या मुळाशी ड्रॉइंग आहे आणि तेच आपण विसरलोय, शाळेत तर परीक्षा जवळ आली की चित्रकलेचाच तास आधी जातो. ड्रॉइंग म्हणजे नुसतं हुबेहूब काढणं नव्हे, ते बघायला शिकणं आहे. वाचकांनी समोरचा साधा कप काढून बघावा. वरची कड बहुतेक जण लंबगोल काढतात आणि तळाला मात्र सरळ रेष मारतात, कारण कप सपाट टेबलावर ठेवलाय हे डोक्यात पक्कं असतं. पण आपण वरून बघतो तेव्हा तळ डोळ्यापासून जास्त खाली असतो, म्हणून तळाचा गोल वरच्यापेक्षा थोडा जास्तच फुगीर दिसतो. हे एकदा हाताने काढलं की मग कपाचा कान कुठे जोडलाय, बोट आत जाईल का, हे आपोआप दिसायला लागतं, आणि इथून पुढे डिझाइन वेगळं शिकवावंच लागत नाही असं नाही पण पाया तयार होतो हे नक्की.

म्हणून दोन विनंत्या. एक, दर आठवड्याला या पानावर एक रोजची वस्तू आणि तिची कच्ची ड्रॉइंग्ज छापा, खोडलेल्या रेषांसकट, कारण विचार तिथेच दिसतो, चकचकीत फोटोत नाही. आणि दुसरं, तुमच्याच पेपरात लेखांबरोबर जी रेखाटनं, नकाशे, तक्ते येतात ते काढणाऱ्याचं नाव कधी नसतंच आणि असलं तर भिंग घेऊन शोधावं लागतं. लेखकाचं नाव ज्या टाइपात छापता त्याच टाइपात चित्रकाराचंही छापा. त्याला फार जागा लागत नाही.

कळावे, लोभ असावा.
आपला एक वाचक