जिम चालू, जिना बंद

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

नव्या इमारतींच्या जाहिरातींत जिम, योगा डेक, जॉगिंग ट्रॅक सगळं असतं. जिन्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. तो असतो लिफ्टच्या मागे, एका जड दारापलीकडे. आमच्या सोसायटीत ते दार ढकललं की काळोख. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चपलांचं कपाट, पुढे कठड्याला साखळीने बांधलेली मुलाची सायकल, चौथ्यावर रंगाचे रिकामे डबे आणि कुणाच्या तरी उरलेल्या टाइल्स. कोपरे कशाने लाल झालेत ते लिहायला नको. मग पहिल्या मजल्यावरची धडधाकट मंडळीही लिफ्टची वाट बघत उभी राहतात आणि संध्याकाळी त्याच लिफ्टने क्लब हाऊसला जाऊन पायऱ्या चढायच्या यंत्रावर घाम गाळतात!

‘व्यायामाला वेळच मिळत नाही’ या तक्रारीवर जिना हा फुकटचा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. पूर्वी ती निदान दहा मिनिटं सलग हवी, अशी अट होती. २०२० च्या शिफारशींत ती काढली. म्हणजे दूध आणायला उतरून परत तीन मजले चढलात, तर तेही हिशेबात धरायचं.

जिन्याचं महत्त्व तसं जुनंच. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. चालक दिवसभर बसून, वाहक डबल डेकरच्या पायऱ्यांवर सतत वर-खाली. हृदयविकार वाहकांत कमी निघाला. पुढे गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालक मुळातच जाड असल्याचं दिसलं. त्यामुळे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. पण टपाल खात्यातही बसून काम करणाऱ्यांपेक्षा पायी फिरणारे पोस्टमन बरे निघाले होते.

आपल्याकडे २०२२ साली जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये दिला. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. यावर ‘पाटा-वरवंटा गेला म्हणून असं झालं’ म्हणणारे काका प्रत्येक इमारतीत भेटतात. पाटा गेला ते उत्तमच झालं. हवा असेल त्या काकांनी खुशाल वाटण वाटावं. बाईला अंधार पडल्यावर रस्त्यावर एकटीने फिरायला नको वाटतं, तेव्हा घराजवळचा जिना तिच्या कामी यायला हवा. पण दिवा नसलेल्या जिन्यात ती पाऊल तरी कशाला टाकेल?

गुडघे दुखणाऱ्यांनी, वयस्करांनी लिफ्टनेच जावं. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, त्यामुळे इतरांनीही हवं तर चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट घ्यावी. आगीच्या दृष्टीने जिन्याचं दार लोटलेलं हवं, हेही मान्य. पण त्याला कुलूप नको. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते देणाऱ्या एजन्सीने एकदा तळापासून गच्चीपर्यंत पायी चढून जावं आणि चपलांची कपाटं हटल्याशिवाय सही करू नये. महापालिकेनेही अधूनमधून अचानक येऊन बघावं.

आमच्या वार्षिक सभेत लिफ्ट बदलण्याचा विषय आहे. त्यासोबत जिन्याचे दिवे आणि रंगकामासाठी थोडी रक्कम ठेवा, असं पत्र मी कमिटीला दिलं. सेक्रेटरींनी ते वाचून विचारलं, ‘‘अहो, पण जिना वापरतं कोण?’’

– एक रहिवासी, ठाणे