होबार्टला जाताना: पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

प्रति,
माननीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: ऑक्टोबरच्या बैठकीत पेंग्विनांच्या बाजूने भारताने काय बोलावे

महोदय,
सादर नमस्कार.

मे महिन्यात तव्यासारख्या तापणाऱ्या बडोद्यातून पेंग्विनांबद्दल पत्र आले म्हणून आपल्या कचेरीत कुणाला हसू येईल. येऊ द्या. आमच्या गावाला समुद्र नाही आणि बर्फ आहे तो गोळेवाल्याकडे. तरीही हे पत्र एखाद्या प्राणिसंग्रहालयाला न लिहिता मुद्दाम आपल्याला लिहिते आहे. अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रातून किती मासे आणि किती क्रिल काढायचे हे ठरवणारा एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याचे कार्यालय ऑस्ट्रेलियात, टास्मानियाच्या होबार्ट शहरात. भारत 1986 पासून त्याचा सदस्य आहे आणि तिथली आपली खुर्ची आपल्याच मंत्रालयाच्या ताब्यात आहे. दर ऑक्टोबरात सगळे 27 सदस्य तिथे जमतात. निर्णय बहुमताने नव्हे, एकमताने होतात. एकानेही नकार दिला तर प्रस्ताव पुढच्या वर्षावर जातो. काही प्रस्ताव असे वर्षानुवर्षे पुढे जात आहेत.

आधी क्रिलचे सांगते, कारण बाकी सगळे त्याच्यापाशी येऊन थांबते. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा, बोटाएवढा जीव. अ‍ॅडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू या तिन्ही जातींचे पेंग्विन त्यावर पोसले जातात. देवमासे आणि सील यांनाही तेच लागते. माणसाला त्याची गरज अलीकडे लागली. पाळीव सामन माशांच्या खाद्यात तो जातो आणि ओमेगा थ्रीच्या कॅप्सूलमध्येही. अंटार्क्टिकाच्या अटलांटिककडच्या भागात क्रिल पकडण्याची मर्यादा वर्षाला 6,20,000 टन आहे. समुद्रात असलेल्या एकूण क्रिलच्या मानाने हा आकडा लहान आहे, असे मासेमारी कंपन्या सांगतात आणि त्यात खोटे काही नाही.

पण पेंग्विन एकूण समुद्रात जेवत नाही. पिल्लू घरट्यात असते तेव्हा आईबापांना एका मर्यादेपलीकडे लांब जाता येत नाही. जायचे, पोट भरायचे, परत येऊन पिल्लाच्या चोचीत ओतायचे, असा त्यांचा फेरा असतो. नेमक्या त्याच किनाऱ्यापुढे, त्याच महिन्यांत जहाजे जाळी टाकून उभी राहिली तर महासागरात दुसरीकडे कोट्यवधी टन क्रिल असून त्या पिल्लाला त्याचा काय उपयोग? म्हणूनच ही मर्यादा चार उपभागांत वाटून देणारा नियम होता. पेंग्विनांची जिथे सर्वांत जास्त दाटी आहे त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या वाट्याला 25 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 1,55,000 टनांहून जास्त मासेमारी येऊ द्यायची नाही, असे त्यात ठरले होते. 2024 च्या बैठकीत या नियमाला मुदतवाढ देण्यावर एकमत झाले नाही आणि तो संपला. पुढच्याच हंगामात, 2025 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, 6,20,000 टनांचा पूर्ण आकडा गाठला गेला आणि मासेमारी वेळेआधी बंद करावी लागली. असे पहिल्यांदाच घडले. जहाजे बहुतेक कुठे होती हे आपल्या अधिकाऱ्यांना विचारावे.

माझी पहिली मागणी एवढीच आहे: हा वाटणीचा नियम परत आणा, असे भारताने येत्या ऑक्टोबरात स्पष्ट शब्दांत म्हणावे. नवे काही मागत नाही, जे होते तेच मागते आहे.

आता एम्परर पेंग्विनांबद्दल. ही सर्वांत मोठी जात, आणि ती अंडी घालते ती तिथल्या ऐन हिवाळ्यात, मे-जूनमध्ये, तीही बहुधा जमिनीवर नाही तर गोठलेल्या समुद्रावर. मादी अंडे नराच्या पायांवर सोपवून समुद्राकडे जाते आणि तो दोन महिने उपाशी उभा राहून ते उबवतो. या कष्टांचे कौतुक आपण टीव्हीवर पुष्कळ केले आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मुद्दा त्याच्या पायांखालच्या बर्फाचा आहे. पिल्लाच्या अंगावरची मऊ लव जाऊन पाण्याला दाद न देणारी पिसे यायला डिसेंबर उजाडतो. तोवर बर्फ टिकला पाहिजे. 2022 मध्ये बेलिंग्सहाउझन समुद्रात तो टिकला नाही. तिथल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींतले एकही पिल्लू वाचले नसावे, असे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

या जातीला अंटार्क्टिक कराराखाली विशेष संरक्षित दर्जा द्यावा, हा प्रस्ताव त्याच वर्षी या कराराच्या देशांच्या बर्लिनच्या बैठकीत आला होता (ही बैठक होबार्टच्या आयोगाहून वेगळी). चीनने तो अडवला. 2024 मध्ये हीच बैठक कोचीत भरली, यजमान आपण होतो, तरी गोष्ट पुढे सरकली नाही. पाहुण्यांशी वाद घालू नये हे मला समजते. पण आता पाहुणे आपापल्या घरी गेले आहेत.

आपण चीनशी आणि रशियाशी बोलावे, असे सुचवायला मला संकोच वाटत नाही, कारण तिथे ते आपले खरोखरचे शेजारी आहेत. पूर्व अंटार्क्टिकात लार्समन टेकड्यांवर आपला 'भारती' तळ 2012 पासून आहे. त्याच टेकड्यांवर चीनचा झोंगशान आणि रशियाचा प्रोग्रेस. 2007 मध्ये दिल्लीत भरलेल्या याच कराराच्या बैठकीत या टेकड्यांना खास व्यवस्थापन क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि तो प्रस्ताव ऑस्ट्रेलिया, चीन, रशिया, रोमानिया आणि भारत यांनी मिळून आणलेला होता. म्हणजे दिल्ली, बीजिंग आणि मॉस्को यांचे कागदावर एकमत होऊ शकते, आणि झालेले आहे. 'भारती'पासून फार दूर नसलेल्या अमांडा उपसागरात एम्पररची मोठी वसाहत आहे. ज्या पक्ष्यांच्या शेजारी राहून तिन्ही देश विज्ञान करतात, त्यांच्याविषयी होबार्टच्या सभागृहात मात्र त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतात.

सप्टेंबर 2021 मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र ही दोन संरक्षित सागरी क्षेत्रे व्हावीत म्हणून युरोपीय संघाच्या प्रस्तावाचे सहप्रस्तावक व्हायला पाठिंबा जाहीर केला होता. तेव्हा मनापासून बरे वाटले होते. पुढे काय झाले? रशिया आणि चीन यांचा विरोध आहे, हे नेहमीचे उत्तर ठाऊक आहे. पण अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रातल्या अशाच क्षेत्रालाही त्यांचा विरोध होता. 2015 मध्ये चीन वळला, 2016 मध्ये रशिया. 35 वर्षांची मुदत घालून का होईना, 15.5 लाख चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र झाले आणि जगातल्या सुमारे एक तृतीयांश अ‍ॅडेली पेंग्विनांच्या समुद्राला आडोसा मिळाला. ते वळले ते कुणीतरी त्यांच्यामागे वर्षानुवर्षे लागले म्हणून. आपले रशियाशी जुने सख्य आहे. तेल घेताना उपयोगी पडते ते सख्य इथेही पडायला हरकत नसावी.

काचेमागच्या पेंग्विनांबद्दलही दोन शब्द. मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेत 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यावरून जे राजकारण झाले त्यात मला शिरायचे नाही. अहमदाबादच्या सायन्स सिटीतही पेंग्विन आहेत. तिथून सहल करून आलेली मुले मला विचारतात, "बाई, आपल्या कमाटीबागेत का नाही आणत?" मुलांना मी रागावत नाही. पण याच मुलांच्या गावातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. 2024 च्या ऑगस्टच्या पुरात त्या अंगणांत शिरल्या, लोक घाबरले, वनखात्याच्या आणि स्वयंसेवकांच्या मदतीने त्या पुन्हा पाण्यात गेल्या. प्राणी त्याच्या जागेवर असावा, हे बडोद्याच्या पोराला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

सायन्स सिटीत पाहिला जाणारा आफ्रिकन पेंग्विन 2024 च्या ऑक्टोबरात धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' झाला. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर त्यांच्या 10,000 हून कमी जोड्या उरल्या आहेत. आधी लोकांनी अंडी नेली, मग ग्वानो म्हणजे विष्ठेचे थर खतासाठी खरवडून नेले, त्यामुळे बीळ करायला जागा राहिली नाही. 2000 साली 'ट्रेझर' जहाज बुडून तेल सांडले, तेव्हा सुमारे 19,000 पक्षी हाताने धुतले गेले. एवढे करूनही संख्या घटतच राहिली, कारण त्यांच्या तोंडचे सार्डिन आणि अँचोव्ही जहाजे नेत होती. शेवटी पक्षीप्रेमी संस्था कोर्टात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये तडजोड होऊन सहा वसाहतींभोवतालचा समुद्र दहा वर्षांसाठी या मासेमारीला बंद झाला. तिथे तो निकाल यायला फार उशीर झाला. अंटार्क्टिकात कोर्ट नाही, आपणच आहात.

आणखी एक विनंती. होबार्टहून परतल्यावर भारताने तिथे कोणत्या प्रस्तावाला काय म्हटले, याचे निवेदन आपल्या मंत्रालयाने प्रसिद्ध करावे. दोन पाने पुरेत. इंग्रजीसोबत हिंदीत असावे. मराठी आणि गुजराती आम्ही इथे बसून करून घेऊ, तेवढी माणसे बडोद्यात आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे